मडगावची पवित्र आत्म्याची इगर्ज

दर वर्षी फाल्गुन मासात मडगावची महाजन मंडळी सहकुटुंब जांबावलीस जातात. कुशावतीच्या तीरी श्री दामोदराच्या प्रांगणात गुलाल उधळला जातो, पालखी निघते आणि ज्याला सारा गाव मोठ्या लाडाने ‘दामबाब’ म्हणतो त्या देवाच्या नावाचा गजर होतो. या उत्सवात प्रथमच आलेले एखादे लहान मूल कधी कधी असे विचारते की, देव जर मडगावचा, तर त्याचे देऊळ मडगावात का नाही? वडीलधारी माणसे या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतात आणि पुन्हा गुलालात रमतात. ते उत्तर विस्ताराने द्यावयाचे झाल्यास जांबावलीहून वीस-बावीस किलोमीटर मागे येऊन मडगावच्या जुन्या वस्तीतील इगर्जीसमोरच्या पटांगणात उभे राहावे लागते. तेथे जी शुभ्र, दोन मनोऱ्यांची भव्य वास्तू दिसते, ती पवित्र आत्म्याच्या नावाने ओळखली जाणारी मडगावच्या फिरगजेची इगर्ज होय. तिचा इतिहास आणि तिची बांधणी यांचा परिचय आमच्या वाचकांना करून द्यावा, असा या लेखाचा हेतू आहे.

देवस्थानांशी निगडित असलेल्या वाचकवर्गापुढे एका ख्रिस्ती मंदिराचे वर्णन कशासाठी, अशी शंका कोणी घेतील. तीस आमचे उत्तर असे की, या इगर्जीचा पाया ज्या भूमीत आहे, तेथेच आमच्या दामोदराचे मूळ स्थान होते. आपल्या देवस्थानाचा इतिहास ज्याला पुरता जाणून घ्यावयाचा आहे, त्याला या वास्तूकडे पाठ फिरवून चालणार नाही. शिवाय तिच्या आजच्या उपासकांचे पूर्वज आणि आमचे पूर्वज एकाच गावकरीचे घटक होते, हेही विसरता येत नाही.

मडगाव हे नाव ‘मठग्राम’ या शब्दापासून आले, असे परंपरेने मानले जाते. साष्टी महालातील हा प्रमुख गाव. सहासष्ट गावांचा समूह म्हणून या महालास साष्टी हे नाव पडले, आणि त्या समूहात मडगावचा मान मोठा होता. गोव्यातील इतर जुन्या गावांप्रमाणे येथेही जमिनीची मालकी गावकरीच्या हाती होती. शेतीचे उत्पन्न, बांध-बंधाऱ्यांची दुरुस्ती आणि देवळाचा खर्च या तिन्ही गोष्टी गावकर एकत्र बसून ठरवीत. देवाच्या पूजेसाठी, दिवाबत्तीसाठी, भाविणी, वाजंत्री व इतर सेवेकऱ्यांच्या चरितार्थासाठी जमिनी लावून दिलेल्या असत. सारांश, देऊळ हे गावच्या अर्थकारणाचेही केंद्र होते. देऊळ हलले की सारा गाव मुळापासून हलतो, ही गोष्ट पुढील वृत्तांत वाचताना ध्यानात ठेवली पाहिजे.

दामोदराविषयी एक आख्यायिका सांगतात. माकाजी दामोदर नावाचा एक तरुण विवाह करून नववधूसह परत येत असता वाटेत मारेकऱ्यांनी त्या दोघांना ठार केले. त्याच्या स्मरणार्थ मडगावात देवस्थान उभे राहिले आणि कालांतराने तेथील देव शिवस्वरूप दामोदर म्हणून पूजिला जाऊ लागला. आख्यायिकेत इतिहासाचा अंश किती व कल्पनेचा किती, याची चिकित्सा येथे करण्याचे कारण नाही. सोळाव्या शतकाच्या मध्यास मडगावात दामोदराचे मोठे देवालय होते व ते गावाचे आराध्यस्थान होते, एवढे निश्चित आहे.

गोवा शहर पोर्तुगीजांनी 1510 मध्ये जिंकले, तरी साष्टी व बारदेश हे महाल त्यांच्या हाती कायमचे आले ते 1543 मध्ये. त्यानंतर धर्मप्रसाराचे कार्य निरनिराळ्या पंथांत वाटले गेले. बारदेश फ्रान्सिस्कन पाद्र्यांकडे गेला आणि साष्टी येशूसंघाच्या, म्हणजे जेझुइटांच्या वाट्यास आली. 1560 साली गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन सुरू झाले. त्याच सुमारास गोव्याचे पहिले आर्चबिशप दों गास्पार द लेआंव येथे आले. 1564 मध्ये मडगावात इगर्ज बांधण्याचे ठरले आणि तिच्यासाठी जी जागा निवडण्यात आली, ती दामोदराच्या देवळाची होती. देऊळ पाडले गेले व 1565 च्या सुमारास तेथे पहिली इगर्ज उभी राहिली.

देवळावर घाला पडण्यापूर्वी भक्तांनी देवाला गुप्तपणे बाहेर काढले आणि पोर्तुगीज सत्तेच्या हद्दीपलीकडे, जांबावलीस नेले. तो प्रदेश त्या वेळी आदिलशाहीच्या अमलाखाली होता. त्या प्रवासाची हकीकत लिहून ठेवण्यास कोणास अवसर मिळाला असेल असे वाटत नाही. रात्रीचा प्रवास, आडवाटा, नदीनाले आणि पकडले जाण्याची भीती यांची कल्पना मात्र करता येते. साष्टीतील कितीतरी देवांनी याच काळात अशाच रीतीने स्थलांतर केले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास, लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास आणि रायची कामाक्षी शिरोड्यास गेली. आज फोंडे महालात देवळांची जी दाटी दिसते, तिचे मूळ या स्थलांतरात आहे. निर्वासित देवांची ती वसाहतच म्हणावी लागेल.

1567 मध्ये या विध्वंसाने कळस गाठला. रायतूरच्या किल्ल्याचा कप्तान दियोगू रोद्रिगिश याने साष्टीतील सुमारे 280 देवळे पाडली, असा आकडा इतिहासात नमूद आहे. त्याच वर्षी भरलेल्या धर्मसभेने हिंदूंच्या उघड पूजाअर्चेवर व संस्कारांवर कडक निर्बंध घालण्याविषयीचे ठराव केले. देवळांच्या जमिनींचे उत्पन्न हळूहळू इगर्जी व येशूसंघाची विद्यालये यांच्याकडे वळविण्यात आले. कोणत्या गावात कोणती देवळे होती व त्यांच्या जमिनी कोणत्या, हे आज आपणास कळते ते बव्हंशी या जमिनींची नोंद करण्यासाठी पोर्तुगीज अंमलदारांनी तयार केलेल्या दफ्तरांवरून. पाडणाऱ्यांच्या वह्यांनीच पाडलेल्यांची नावे जपून ठेवावीत, हा दैवाचा विचित्र न्याय होय. त्या दफ्तरांतून गोव्यातील हिंदू देवळांची व देवतांची गावोगावची यादी काढून 1978 मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध करणारे रुय गोमिश पेरैर हे स्वतः ख्रिस्ती होते, हेही आम्ही येथे कृतज्ञतापूर्वक नमूद करतो.

मडगावच्या पहिल्या इगर्जीस स्वास्थ्य लाभले नाही. साष्टी हा सरहद्दीचा मुलूख होता. आदिलशाही फौजा वारंवार चालून येत, आणि 1570-71 मध्ये तर खुद्द गोवा शहरास वेढा पडला होता. या धामधुमीत मडगावची इगर्ज जाळली गेली, पुन्हा बांधली गेली आणि पुन्हा उद्ध्वस्त झाली. येशूसंघाने मडगावात जे विद्यालय स्थापिले होते, तेही याच असुरक्षिततेपायी किल्ल्याच्या आश्रयाला रायतूरला हलवावे लागले. जी जागा बळाने मिळविली ती बळानेच राखावी लागली आणि शंभर वर्षे तिला स्थैर्य आले नाही, असा या कालखंडाचा सारांश सांगता येईल.

विद्यालय रायतूरला गेले, त्यातून एक अशी घटना घडली की जिचे मोल मराठी वाचकास वेगळे सांगावयास नको. फादर टॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यास आला आणि त्याने आपल्या आयुष्याची सुमारे चाळीस वर्षे याच साष्टीत घालविली. 1583 मध्ये कुंकळ्ळीच्या गावकरांनी पाच जेझुइट पाद्र्यांना ठार मारले आणि नंतर त्या गावकरांच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून कपटाने मारण्यात आले. हा सारा रक्तपात स्टीफन्सच्या डोळ्यांसमोरचा होता. अशा मुलखात राहून या परदेशी पाद्र्याने मराठी आत्मसात केली, आमच्या पुराणांचे वळण घेतले आणि ओवीछंदात प्रचंड ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते 1616 मध्ये रायतूरला छापले गेले. कोकणीचे पहिले व्याकरणही त्याच्याच हातचे. ते त्याच्या मृत्यूनंतर 1640 मध्ये प्रसिद्ध झाले. नवदीक्षित ख्रिस्ती लोकांना जुनी पुराणे तोडून टाकावी लागली, पण त्यांच्या कानांतील ओवी गेली नव्हती. ती भूक ओळखून हा ग्रंथ झाला. देवळे गेली तरी लोकांच्या जिभेवरची भाषा आणि कानांतला छंद यांना पाडता आले नाही, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा? पुढे 1684 मध्ये व्हाइसरॉयने कोकणी भाषा सोडून देण्याचे फर्मान काढले. तेही कालौघात वाहून गेले आणि भाषा राहिली.

आज आपण पाहतो ती मडगावची इगर्ज 1675 ची. आता तिच्या बांधणीकडे वळू.

इगर्जीसमोर प्रशस्त पटांगण आहे. त्यास ‘लार्ग द इगरेज’ असे पोर्तुगीज नाव आहे. पटांगणाच्या मध्यभागी उंच चौथऱ्यावर एक मोठा खुरीस उभा असून ख्रिस्ताच्या अखेरच्या यातनांची चिन्हे त्याच्या चौथऱ्यावर कोरलेली आहेत. सभोवार जुन्या सधन ख्रिस्ती घराण्यांची दुमजली घरे आहेत. देवळासमोरचे प्रांगण, त्यातील दीपस्तंभ व तुळशीवृंदावन आणि भोवतालची महाजनांची व सेवेकऱ्यांची घरे ही रचना ज्याच्या परिचयाची आहे, त्यास या पटांगणात परके वाटत नाही. गावाचा जीव एका पवित्र वास्तूभोवती गोळा व्हावा, ही रीत दोन्हीकडे सारखीच आहे.

दर्शनी भागाच्या दोन्ही बाजूंस चौकोनी मनोरे असून त्यांवर लहान घुमट आहेत. मनोऱ्यांमधील भिंत मजल्यामजल्यांनी वर चढत जाते आणि अर्धस्तंभ, कमानी व खिडक्या यांनी तिला लय येते. बांधकाम गोव्याच्या नेहमीच्या चिऱ्यांचे आहे. हा जांभा दगड खाणीतून काढताना मऊ असतो व हवेत कठीण होतो. कोरीव नक्षीला तो फारसा सोसत नाही आणि सच्छिद्र असल्यामुळे पावसाचे पाणी शोषतो. म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा द्यावा लागतो आणि पावसाळा गेला की सफेदी करावी लागते. किनाऱ्यावर व नद्यांच्या मुखाशी शिंपल्यांचा तोटा नसल्यामुळे ते भाजून चुना करण्याची कला येथे पूर्वापार होती. गोव्यातील इगर्जींची शुभ्रता ज्या प्रवाशास केवळ शोभेची वाटते, त्याने मृगापासून हस्तापर्यंतचा येथील पाऊस एकदा पाहावा. ती शुभ्रता या दगडाची आणि या पावसाची गरज आहे.

आत गेल्यावर वास्तूचा आराखडा क्रुसाच्या आकाराचा असल्याचे ध्यानात येते. लांबट सभागृह पुढे वेदीपाशी संपते आणि वेदीच्या अलीकडे दोन्ही बाजूंस दोन दालने निघतात. आमच्या देवळातील सभामंडप, अंतराळ आणि गाभारा या क्रमाची येथे आठवण होते. तथापि दोहोंत एक मोठा भेद आहे. आमच्या देवळात भक्त एकेकटा देवाच्या समोर येतो, क्षणभर दर्शन घेतो, प्रदक्षिणा करतो आणि निघतो. म्हणून गाभारा लहान, अंधारा आणि गूढ असतो. इगर्जीत सारी फिरगज एका वेळी एकत्र बसून मीस ऐकते; म्हणून सर्वांना वेदी दिसावी आणि सर्वांना पाद्र्याचा शब्द ऐकू यावा, अशी तिची योजना असते. उपासनेची रीत बदलली की वास्तूचे रूप बदलते, हे शिल्पशास्त्रातील साधे तत्त्व येथे प्रत्यक्ष पाहावयास मिळते.

या शब्दश्रवणासाठीच सभागृहाच्या भिंतीला लागून एक सुवर्णमंडित प्रवचनपीठ उभारलेले असून त्यावर ख्रिस्ताच्या प्रेषितांच्या आकृती कोरल्या आहेत. मुख्य वेदी अलंकारप्रचुर शैलीची आहे. आडव्या दालनांत ज्या वेद्या आहेत, त्यांपैकी मातेला, म्हणजे मारियेला वाहिलेली वेदी विशेष प्रेक्षणीय होय. जमिनीपासून छतापर्यंत चढत गेलेला लाकडी कोरीव कामाचा तो पडदा सोन्याच्या वर्खाने झळकतो. त्यात कमानी आहेत, कोनाडे आहेत, कोनाड्यांत संतांच्या मूर्ती आहेत. देवामागील प्रभावळ आणि उत्सवातील मखर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या सुवर्णपडद्याचा हेतू समजावून सांगावा लागत नाही. पूज्य वस्तूच्या भोवती तेज उभे करावे, ही प्रेरणा मानवी आहे. तिला धर्माची सीमा नाही.

ही कलाकुसर कोणाच्या हातची, असाही प्रश्न उपस्थित होतो. सोळाव्या शतकातील धर्मसभांनी हिंदू कारागिरांकडून ख्रिस्ती मूर्ती व पूजासाहित्य करवून घेण्यास मनाई केली होती. मनाई करावी लागली, यावरूनच तशी प्रथा होती हे उघड होते. शिवाय जे कारागीर ख्रिस्ती झाले, त्यांनी धर्म बदलला तरी हात बदलला नाही. च्यारी-मेस्तांच्या ज्या घराण्यांतून देवळांचे रथ, पालख्या व खांब कोरले जात, त्याच परंपरेची छिन्नी गोव्याच्या इगर्जींतही फिरली. वेदीवरील वेलबुट्टीत, देवदूतांच्या गोबऱ्या चेहऱ्यांत आणि फुलाफळांच्या भरगच्च रचनेत ती परंपरा जाणत्या नजरेस दिसते.

गोव्यातील इगर्जी म्हणजे पोर्तुगालातील वास्तूंच्या निव्वळ नकला, हा समज फार दिवस प्रचलित होता. त्यास विद्वानांनी आता छेद दिला आहे. गोमंतकीय पंडित झुझे पेरैर यांनी गोव्याच्या बरोक शैलीचे स्वतंत्र स्थान 1995 च्या आपल्या ग्रंथात मांडले. पावलू व्हारेल गोमिश या पोर्तुगीज वास्तुइतिहासकाराने 2011 च्या ग्रंथात असे प्रतिपादिले की, सतराव्या शतकानंतरच्या गोव्याच्या इगर्जी गोमंतकीयांनी स्वतःच्या समाजासाठी व स्वतःच्या अभिरुचीने घडविल्या. त्यांना युरोपीय किंवा भारतीय असे एकच लेबल लावता येत नाही. हा विचार आम्हांस ग्राह्य वाटतो. कारण इगर्जीचा खर्च ज्या गावकरीने सोसला, ती गावकरी देवळाच्या काळापासून चालत आलेली होती. धर्मांतर केलेल्या गावकरांनी आपले गावकरपण सोडले नाही. उत्सवाचा मान, यजमानपद, पुढे बसण्याचा अधिकार, यांवरून त्यांच्या कोंफ्रादींत जे तंटे होत, ते आमच्या महाजनांच्या तंट्यांशी इतके मिळतेजुळते आहेत की, त्यांचे मूळ एकच असल्याविषयी शंका राहू नये!

आणि हे देणेघेणे एकाच दिशेचे नव्हते. फोंडे महालात स्थलांतरित देवांची नवी देवळे अठराव्या शतकात भव्य स्वरूपात उभी राहू लागली. कवळ्याचे श्री शांतादुर्गेचे देवालय शाहू महाराजांच्या काळात, त्यांचे मंत्री नारो राम यांच्या पुढाकाराने बांधले गेले. त्या देवालयाचा घुमट, त्याखालील अष्टकोनी बैठक, गोल कमानींच्या खिडक्या, कठडे आणि मंगेशीसारख्या ठिकाणचे मजल्यामजल्यांचे दीपस्तंभ पाहावेत. त्यांत इगर्जींच्या मनोऱ्यांची व दर्शनी भागांची छाया स्पष्ट दिसते. ज्या इगर्जींनी देवांना घालविले, त्यांच्याच शैलीतून देवांची नवी घरे सजली. यात पराभव पाहावा की पचनशक्ती पाहावी, हे ज्याच्या त्याच्या दृष्टीवर अवलंबून आहे. आमच्या मते जो समाज घाव सोसूनही घाव घालणाऱ्याची चांगली कला उचलतो व ती आपल्या देवाच्या चरणी वाहतो, तो समाज जिवंत असतो.

इगर्जीच्या पुढील इतिहासात मराठी वाचकांस आस्था वाटावी अशा दोन गोष्टी आहेत. 1683 च्या डिसेंबरात छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजा साष्टीत उतरल्या व मडगाव त्यांच्या ताब्यात आले. परंतु मोगलांच्या स्वारीमुळे त्यांना लवकरच माघार घ्यावी लागली. पुढे 1739 मध्ये, वसईची मोहीम चालू असतानाच, व्यंकटराव घोरपडे यांच्या सैन्याने साष्टी काबीज केली आणि मडगाव पुन्हा मराठ्यांच्या हाती गेले. 1740 च्या तहाने ते परत द्यावे लागले. या दोन्ही वावटळींतून 1675 ची ही वास्तू तगली. 1759 मध्ये पोर्तुगालचा मंत्री मार्कीश द पोंबाल याने येशूसंघाला आपल्या राज्यातून हाकून दिले. ज्या संघाने येथे देवळाच्या जागी इगर्ज उभी केली, त्यालाच अशा रीतीने एका रात्रीत घरदार सोडावे लागले. त्यानंतर फिरगजेचा कारभार स्थानिक धर्मगुरूंकडे आला. 1812 मध्ये इन्क्विझिशन कायमचे बंद झाले. 1910 मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यावर धर्म व राज्य विभक्त झाले आणि गोव्यातील हिंदूंना बरोबरीचे हक्क मिळाले. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला. इगर्ज मात्र या सर्व स्थित्यंतरांत आपल्या जागी राहिली आणि आजही तेथे नित्यनेमाने मीस होते.

दामोदराचे मडगावशी नाते या चारशेहून अधिक वर्षांत कधीच तुटले नाही. मडगावात हिंदूंना देऊळ बांधता येत नव्हते, तेव्हा नायक घराण्याच्या वाड्यात देवाची सेवा चाले. तो वाडा ‘दामोदर साल’ या नावाने प्रसिद्ध आहे. 1892 मध्ये स्वामी विवेकानंद मडगावास आले ते या वाड्यात उतरले, आणि येथूनच रायतूरच्या सेमिनारीत जाऊन तेथे काही दिवस त्यांनी ख्रिस्ती धर्मग्रंथांचा अभ्यास केला, अशी येथील परंपरा सांगते. हा प्रसंग आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. ज्या घरात निर्वासित देवाचा दिवा तेवत होता, त्या घरातून एक संन्यासी बाहेर पडतो आणि ज्या संस्थेच्या पूर्वसूरींनी त्या देवाला निर्वासित केले, तिच्या ग्रंथालयात जिज्ञासू म्हणून बसतो. त्याने काही विसरल्याचे ढोंग केले नाही आणि राग धरून दारही लावून घेतले नाही. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मडगावात दिंडीचा उत्सव सुरू झाला. तो आजही मोठ्या थाटाने होतो.

इगर्जीचे वार्षिक फेस्त पवित्र आत्म्याच्या सणाला, म्हणजे ईस्टरपासूनच्या पन्नासाव्या दिवशी येते. हा दिवस बहुधा मे महिन्याच्या उत्तरार्धात वा जूनच्या पूर्वार्धात, पावसाळ्याच्या तोंडावर पडतो. त्यामुळे या फेस्ताची जत्रा ही पावसाळ्याच्या बेगमीची जत्रा झाली. ‘पुरुमेंताचे फेस्त’ या नावाने ती साऱ्या गोव्यात ओळखली जाते. पुरुमेंत हा शब्द पोर्तुगीज ‘प्रोव्हिमेंतु’चा, म्हणजे साठवणीच्या सामानाचा. सुकी मासळी, मिरच्या, सोले, चिंच, कडधान्ये, पापड, मडकी, सुपे, टोपल्या अशा नाना वस्तू तेथे विकावयास येतात. त्या घेण्यास हिंदूही जातात, ख्रिस्तीही जातात. दारावर मृग आला असता कोणाच्या कोठीत काय आहे याची चिंता दोन्ही घरांतील गृहिणींना सारखीच असते. जी भूमी एके काळी बळजोरीची साक्षी होती, तिच्यावर आता शेजारधर्म नांदतो. जांबावलीच्या उत्सवासही ख्रिस्ती भाविक दामबाबाला नारळ-फुले अर्पण करतात, हे आमच्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिले असेल. तसेच कुंकळ्ळीकरीण शांतादुर्गा दर वर्षी बारा वांगडांच्या बारा छत्र्यांसह फातर्प्याहून आपल्या मूळ स्थानाच्या भेटीस कुंकळ्ळीस येते, तेव्हा तेथील ख्रिस्ती गावकरही त्या मानात सहभागी असतात. रक्ताची ओळख सणासुदीला अशी वर येते.

असो. आता इतका वृत्तांत सांगून झाल्यावर त्यातून काय घ्यावे, याविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक वाटते. दामोदराचे देऊळ पाडले गेले, ही गोष्ट खरी आहे. ती सौम्य करून सांगण्याची किंवा लपविण्याची काही गरज नाही. शेजाऱ्याला बरे वाटावे म्हणून इतिहास गिळून टाकणे हे सौजन्य नव्हे. त्याने शेजारधर्म पोकळ होतो. परंतु ते देऊळ ज्यांनी पाडले, त्यांचे राज्य गेले, त्यांचा संघही येथून एकदा हाकलला गेला. आज त्या इगर्जीत गुडघे टेकणारी माणसे ही त्याच मठग्रामाच्या गावकरांची लेकरे आहेत. त्यांच्या पूर्वजांपैकी कित्येकांनी सक्तीने वा भयाने धर्म बदलला, कित्येकांनी जमीन व गावकरीचा हक्क राखण्यासाठी बदलला. पण गेल्या चौदा-पंधरा पिढ्यांच्या प्रार्थना त्या वास्तूत खऱ्या अंतःकरणाने झाल्या आहेत, आणि प्रार्थनेने जी जागा पवित्र होते तिची बूज राखणे हा आमच्याच धर्माचा संस्कार आहे. आपल्या देवाने ती जागा सोडून नदीकाठी नवे घर केले आणि तेथे तो सुखाने नांदतो आहे. त्याच्या महाजनांनी त्याच्याहून अधिक अस्वस्थ होण्याचे कारण काय?

आमची वाचकांस एवढीच विनंती आहे की, पुढल्या वर्षी गुलालास जाताना वाटेत मडगावच्या त्या पटांगणात क्षणभर थांबावे. मुलांना सोबत न्यावे. देऊळ कोठे होते ते सांगावे, ते कसे गेले तेही सांगावे, आणि मग इगर्जीच्या दारातून आत डोकावून त्या सुवर्णपडद्यावरील कोरीव काम दाखवावे व ते आपल्याच मेस्तांच्या परंपरेचे आहे हेही सांगावे. त्यानंतर जांबावलीचा रस्ता धरावा. मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याला त्या दोन ठिकाणांमधील वाटेवर पुरते मिळेल, आणि दामबाबाच्या पुढ्यात उधळलेला गुलाल त्याच्या मनात द्वेषाचा रंग होऊन न राहता ओळखीचा रंग होऊन राहील.